आडवा धरलेला फोटो

मुखपृष्ठावरच्या, जिन्यावर मरून पडलेल्या त्या बाईचा चेहरा मी मनानं काढलेला नाही. तो एका खऱ्या मुलीचा आहे. मी तो रंगवला तेव्हा तिला जाऊन सात-आठ महिने झाले होते, आणि तिचा एकुलता एक फोटो तिच्या वडिलांनी विश्वासानं माझ्या हातात दिलेला होता. हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. ज्या एका माणसाला ते न सांगता कळलं, त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. आज लिहितो आहे, कारण आता गप्प बसणं जमेनासं झालंय.

यंदा नांदेडहून एका प्राध्यापकांचा फोन आला. जुनी पॉकेटबुकं गोळा करायचा त्यांना नाद आहे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेली असायची ती: खुनाची, भुताची, चोरट्या प्रेमाची. या चित्रांचं म्हणे आता प्रदर्शन भरवायचं.

"सर, तुमची पाचशे-सहाशे मुखपृष्ठं तरी माझ्याकडंच आहेत," ते म्हणाले. "राग मानू नका, पण त्यातल्या सगळ्या बायका एका साच्यातल्या वाटतात. जिन्यावरची ती एक सोडून. तिच्याकडं बघवत नाही आणि नजरही हटत नाही. मॉडेल कोण होती?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मनानं काढलेली."

तीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी याच थंडपणानं म्हणालो होतो. फोन ठेवला आणि तोंड कडू झालं ते अजून गेलेलं नाही.

मी मूळचा मुदखेडचा. वडील रेल्वेत गँगमन. दहावीत गणितानं दगा दिल्यावर त्यांनी मला नांदेडला इतवाऱ्यात एका पेंटरच्या दुकानात नेऊन बसवलं. या पेंटरांना सगळा बाजार उस्ताद म्हणायचा. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, टॉकीजचे बॅनर, हे सगळं करून ते पॉकेटबुकांची मुखपृष्ठंही करायचे. माझा हात त्यातच बसला. मी भराभर काढायचो. सकाळी बसलो की दुपारच्या जेवणापर्यंत एक खून उरकलेला असायचा.

उस्तादांचा एक कायदा होता. पिस्तूल कुठलंही काढ, मोटार कुठलीही काढ, पण एका माणसाचा चेहरा उचलायचा नाही. डोळे एकाचे घ्यायचे, नाक दुसऱ्याचं, हनुवटी तिसऱ्याची. "एक का मुँह नक्को उतार रे," ते म्हणायचे, "तीन का मिला. एक का उतारा तो वो पूछने आता." आम्ही हसायचो. पण पाळायचो. म्हणूनच माझ्या बायका साच्यातल्या दिसतात. प्राध्यापकांना वाटतं मला येत नव्हतं. यायचं, काढायचं नसायचं.

पुढं लातूरच्या एका प्रकाशकानं मला बोलावून घेतलं. गंजगोलाईपासून जवळच एक खोली दिली आणि कामाला जुंपलं. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण या धंद्यात आधी मुखपृष्ठ व्हायचं आणि गोष्ट मागून लिहिली जायची. रंगीत मुखपृष्ठं हैदराबादेहून छापून यायला वेळ लागायचा, आतला मजकूर इथं चार दिवसांत निघायचा. शेठ नुसतं पुस्तकाचं नाव सांगायचे.

"पण गोष्ट काय हाय, शेठ?"

"गोष्ट लिव्हायची हाय अजून. तू बाई मारून ठेव. कुणी मारली ते लेखक हुडकंल."

लेखक म्हणजे एक पेन्शनीतले मास्तर आणि एक कोर्टातला टायपिस्ट. माझ्या चित्रात सुरी डाव्या हातात असली तर त्यांचा खुनी डावखुरा निघायचा. एकदा मी मागच्या भिंतीवर उगीच एक घोरपड काढली होती, तर मास्तरांनी अख्खं एक प्रकरण घोरपडीवर लिहिलं. इतक्या हलक्या धंद्यात आपल्या हातून काही जड होईल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

भूकंप झाला त्याच्या पुढच्या काही महिन्यांत आम्हा पेंटर लोकांकडं एक नवं काम येऊ लागलं. किल्लारीच्या बाजूची माणसं यायची, हातात काहीतरी जपून गुंडाळलेलं घेऊन. लग्नाच्या घोळक्यातलं एक बोटाएवढं डोकं, रेशनकार्डावरचा पुसट ठसा, शाळेचा ग्रुप. त्यावरून गेलेल्या माणसाचा मोठा फोटो रंगवून द्यायचा. भिंती नव्या बांधल्या जात होत्या आणि त्यांच्यावर टांगायला चेहरे लागत होते. काहींकडं फोटोच नसायचा. ते तोंडी सांगायचे आणि आपण काढत जायचं. "नाक जरा बसकं घ्या... आसं न्हाई... हां, आता तिच्यावानी दिसायली." असं म्हणता म्हणता माणूस स्टुलावरच कोसळून रडायचा. मी खाली मान घालून ब्रश धुवत बसायचो.

त्यातच त्या मुलीचे वडील आले, अप्पा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात धुवट सदरा. गावात त्यांचं किराणा दुकान होतं. भूकंपाच्या रात्री ते माल भरायला लातूरला आले होते आणि उशीर झाला म्हणून इथंच राहिले होते. बायकोला ढिगाऱ्यातून काढली, तिचा पाय गेल्यात जमा होता. मुलगी सापडली ती गेलेलीच. मुलगी लातूरला डी.एड. करत होती, गणपतीसाठी घरी गेली होती. एसटीच्या पासासाठी तिनं आपला एक फोटो वडिलांच्या खिशात ठेवला होता. घरातलं बाकी सगळं मातीत गेलं. खिशातला फोटो तेवढा राहिला.

"घरची दवाखान्यातून यायच्या आधी भिंतीवर लागला पाहिजे बघा, पेंटरसाहेब," ते म्हणाले. "तिला नुसतं एवढंच पडलंय. पोरगी कशी दिसायची त्ये इसरंल म्हणून भेव वाटायलंय तिला."

"एवढ्यात कोण विसरतं, अप्पा?"

"इसरत्यात. मला बी राती डोळे मिटले की डोळे दिसत्यात, पर तोंड जुळत न्हाई. हा फोटू बघितला की जुळतंय."

काळा-पांढरा फोटो. दोन वेण्या, बंद ओठ, आणि डाव्या भुवईत एक बारीक खाच. लहानपणी ओट्यावरून पडली होती, त्यांनी सांगितलं. छायाचित्रकारानं हसू नको म्हटलं असणार, पण हसू डोळ्यांखाली येऊन थांबलेलं दिसत होतं. मी फोटोवर पेनानं चौकटी आखल्या आणि मोठ्या पुठ्ठ्यावर तेवढ्याच मोठ्या चौकटी घालून चेहरा उतरवायला घेतला. मोठं करायची ती रीत. खरं तर फोटोवर पारदर्शक कागद ठेवून त्याच्यावर रेघा मारायच्या असतात. माझ्याकडचा कागद संपला होता, गल्ली ओलांडून आणायचा कंटाळा केला. एक रेघ बरोबर तिच्या डाव्या डोळ्यावरून गेली.

कामं तुंबली होती, त्यामुळं तिचा पेन्सिलीतला चेहरा बरेच महिने समोरच्या भिंतीला टेकून राहिला. अप्पा अधूनमधून यायचे, बघायचे. "घाई न्हाई," म्हणायचे, "पर जमलं तर लवकर." पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनमुळं त्यांची बायको दवाखान्यातच होती. तो चेहरा मला पाठ झाला. इतका पाठ, की दुसरा कुठलाही काढायला गेलो तरी हात तिकडंच वळायचा.

मग शेठची घाई आली. हैदराबादला माणूस निघायला दोन दिवस, आणि एक मुखपृष्ठ कमी.

"जिन्यावर बाई पडलेली. मेलेली पाहिजे, पण बघावी वाटली पाहिजे. कळलं का?" शेठ म्हणाले. "नेहमीसारखी प्लास्टिकची नको. लोक आता वैतागलेत तुझ्या प्लास्टिकच्या बायकांना."

ते मला लागलं. खोटं कशाला सांगू? त्या टोमण्यानं मी चिडलो आणि चिडून बसलो. उस्तादांचा कायदा मला आठवला नाही असंही नाही. आठवला. मी फोटो घेतला आणि आडवा धरला. मेलेल्या बाईचं डोकं पायरीवर आडवं हवं होतं ना. आडवा धरला की सरळ बसलेली मुलगी पडलेली दिसते. पापण्या अर्ध्या खाली आणल्या. वेण्या सोडून केस पसरले. भुवईतली खाच भरून टाकली, ओठ लाल केले, पदर ढळलेला काढला, गळ्याशी रक्त. एका बैठकीत झालं. माझ्या आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला चेहरा. शेठनं बघितला आणि कधी नाही ते चहा मागवला.

पुस्तक स्टँडवर लागलं आणि उडालं. शेठनं तेच चित्र पुढं आणखी दोन पुस्तकांना लावलं.

त्या सुमारास उस्ताद लातूरला लेकीकडं राहायला आले होते. मोतीबिंदूमुळं त्यांचं काम सुटलं होतं. दिवसा माझ्या खोलीत येऊन बसायचे, रंगांचा वास घ्यायचे. एका दुपारी ते असतानाच अप्पा आले. कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी टेबलावर ठेवलं, पण सोडेनात. बराच वेळ हात त्यावर तसाच.

"स्टँडावर गाडीची वाट बघत होतो," ते म्हणाले. "स्टालावर दिसलं. पेंटरसाहेब, खरं सांगा, तुमच्यावर माझं काही म्हणणं न्हाई. ही आमची हाय का?"

कागद सुटला. लाल ओठांची ती बाई तिथं पडलेली.

या प्रश्नाचं उत्तर एका अक्षराचं होतं. ते दिलं असतं तर काय झालं असतं? शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, बाजारात चार माणसं जमली असती. एवढंच. मी म्हणालो, "नाही हो अप्पा. मनानं काढलेली आहे."

त्यांनी ते पुस्तक वर उचललं, माझ्याकडं धरलं. "डोळ्याखालचं हे... हे तिचंच हाय जणू."

मी उस्तादांकडं वळलो. हेच मला आजही सोसत नाही. मी त्यांना साक्षीला घेतलं. "उस्ताद, सांगा ना यांना आपण चेहरे कसे करतो ते."

उस्तादांनी पुस्तक घेतलं, पार नाकाशी नेलं. त्यांच्या मागं भिंतीला मुलीचा पेन्सिलीतला चेहरा टेकलेला होता. रोज तिथंच बसत असल्यानं तो त्यांना ठाऊक होता. दिसायला कमी झालं होतं, पण चेहरा ओळखायला त्या माणसाला डोळे लागत नव्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पुस्तक हळूच उलटं ठेवलं.

"हमारे धंदे में तीन मुँह मिलाते भाऊ," ते अप्पांना म्हणाले. "इसका डोळा, उसका नाक. किसी का बी नहीं रहता वो. तुमको वैसा दिसा होगा. घर में मौत हुई तो दिसता वैसा."

पांढऱ्या दाढीचा म्हातारा माणूस बोलला आणि अप्पा विरघळले. त्यांनीच पुन्हा पुस्तक सरळ केलं, भुवईवर बोट ठेवलं. "हां. हितं खाच न्हाई. बराबर हाय तुमचं." आणि मग त्यांनी मला हात जोडले. "माफ करा, पेंटरसाहेब. माझं डोस्कंच फिरलंय. जिथं बघावं तिथं तीच दिसायली."

त्यांनी माझी माफी मागितली.

ते गेल्यावर उस्ताद उठले. काठी शोधत होते, मी हातात दिली तर घेतली नाही. स्वतः चाचपून शोधली. दारात म्हणाले, "मेरे मुँह से झूठ निकलवाया तू. बाप के सामने." नंतर ते माझ्या खोलीवर कधी आले नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी नांदेडला परत गेले आणि तिथंच वारले. मी मातीला गेलो, पण मागंच उभा राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं म्हणेन. मी थांबलो नाही. मुलीचं चित्र अजून रंगवायचं होतं. ते पूर्ण झालं आणि मुखपृष्ठाशेजारी कुणी धरलं तर? भीतीनं माणूस किती बारकाईनं काम करतो ते मी तेव्हा शिकलो. मी नाक किंचित लांबवलं. दोन डोळ्यांतलं अंतर वाढवलं. हनुवटी गोल केली. डोळ्यांखाली थांबलेलं ते हसू पुसून टाकलं. सगळं थोडं थोडं, कुणाला बोट ठेवता येणार नाही असं. दोन वेण्या ठेवल्या आणि भुवईतली खाच मात्र अगदी नीट, फोटोपेक्षा ठळक काढली. आणि मूळ फोटो पाण्यात पडून खराब झाला असं सांगितलं, म्हणजे ताडून बघायलाही काही उरू नये.

अप्पांनी चित्र बराच वेळ बघितलं. पुढं गेले, मागं आले. माझी मान खाली.

"हीच का ही?" ते स्वतःशीच म्हणाले. आधीच एकदा त्यांचे डोळे त्यांच्याशी खोटं बोलले होते, असं आम्ही दोघांनी मिळून त्यांना पटवलं होतं. आता त्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. ते जवळ आले आणि भुवईवरून बोट फिरवलं. "खूण तर हाय. म्हंजी तीच आसंल."

चित्र धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून ते जीपनं गेले.

नंतर मी खूप काम केलं. इतकं, की मागं वळून बघायला जागा राहू नये. रहस्यकथा संपल्या तशी गाईडांची मुखपृष्ठं, क्लासवाल्यांच्या नोट्स, पंचांगं, लग्नपत्रिका. आता कॉम्प्युटरवर फ्लेक्स करतो. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला लोक मोबाइलवर फोटो पाठवतात आणि म्हणतात, जरा गोरा करा. मी करतो. अप्पांच्या मुलीचा फोटो खराब झाला नव्हता. तो माझ्या कपाटात एका पाकिटात आहे, चौकटींसकट.

प्राध्यापकांच्या फोननंतर आठवडाभरानं मी तो खिशात घालून एसटीत बसलो. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव आता जुनं झालंय. दुकान विचारत गेलो. अप्पांचा पुतण्या बसला होता. अप्पा जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाला, आणि मला आत काकूकडं नेलं. एक पाय लांब करून त्या जमिनीवर बसल्या होत्या. वर भिंतीला माझं चित्र, त्याला प्लास्टिकचा हार.

"तुमीच का काढला होता?" त्या म्हणाल्या. "बसा की. आगं, च्या टाक गं कुणीतरी." मग त्यांनीच विषय काढला, मला विचारावंही लागलं नाही. "आमचे ह्ये शेवटी शेवटी त्याच्याकडं पाठ करून बसायचे. म्हणायचे, पोरगी रुसली हाय माझ्यावर. हसत न्हाई. मी म्हणायची, आवं, फोटूतलं माणूस कुठं हसतंय? तर म्हणायचे, हसत होती. मला ठावं हाय, हसत होती."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला आता दुसरं तोंड आठवत न्हाई, बाबा. दवाखान्यातून आले तवापासून हेच बघते. हीच माझी पोरगी." मग म्हणाल्या, "पर ह्यांना लई तरास झाला. येड लागलं म्हणायची पोरं त्यांना. मी बी म्हणायची."

खिशावर माझा हात होता. फोटो बाहेर आला नाही. बाई चित्राकडं बघत होत्या आणि म्हणत होत्या, रंग उडालाय, हनुवटीपाशी पापुद्रा निघालाय, नीट करून देता का? मी हो म्हणालो. पुतण्यानं चित्र उतरवलं. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन राहिला. "लवकर आणा," त्या म्हणाल्या. "भित मोकळी बघवत न्हाई."

आता चित्र माझ्या टेबलावर आहे आणि शेजारी फोटो. पापुद्रा बसवून पाठवून दिलं तर बाईंचं समाधान होईल, आणि एक मेलेला बाप कायमचा वेडा ठरेल. खरा चेहरा काढला तर तीस वर्षं जिला हात जोडले ती पोरगी कोण होती, हे त्या म्हातारीला सांगावं लागेल. मी दोन्हींतलं सोपं काय ते शोधत बसलोय, हेही लिहून ठेवतो. मी असाच माणूस आहे.

माझ्याकडं देणं आहे ते असं. त्या बाईंना त्यांच्या मुलीचा खरा फोटो परत द्यायचा आहे, रेघांसकट. आणि त्यांच्यासमोर बसून, पुतण्याला जवळ बोलावून, मोठ्यानं सांगायचं आहे की अप्पांनी स्टँडवर बघितली ती त्यांचीच मुलगी होती, ती फोटोत हसत होती, आणि त्यांचं डोकं कधीही फिरलेलं नव्हतं. हे मी अजून दिलेलं नाही.